थेंबाला थेंब जोडताना

तेल आणि पाणी मिसळत नाही असं छातीठोक सांगणाऱ्याने लोणी कढवलेलं नसतं. बाजारच्या लोण्यात कायद्याने १६ टक्क्यांपर्यंत पाणी चालतं; घरी रवीने काढलेल्या लोण्यात त्याहून थोडं जास्तच निघेल. ते वेगळं दिसत नाही, कारण बारीक थेंब होऊन ते स्निग्धात अडकलेलं असतं आणि थेंबांच्या कडेला दुधातल्या प्रथिनांचं पातळ अस्तर असतं. दोन थेंब अगदी खेटून बसले तरी ते अस्तर त्यांना एक होऊ देत नाही. मग पातेलं चुलीवर चढतं. आधी तडतड, मग फेस, शेवटी तळाला बेरी. तडतड थांबली की पाणी गेलं आणि तूप झालं.

जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलाचं दुखणं हुबेहूब हेच. तेलाच्या विहिरीतून नुसतं तेल येत नाही. त्याच्यासोबत खारं पाणी येतं, आणि पंपातून, नळातून, अरुंद झडपांतून घुसळलं जाता जाता त्या पाण्याचे सूक्ष्म थेंब तेलात पसरतात. इथे अस्तर प्रथिनांचं नसतं, अस्फाल्टीन आणि रेझिन या जड, काळपट रेणूंचं असतं. मग कढवून का टाकू नये? एक कारण खर्चाचं. शंभर अंशांवर आलेल्या एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ०.६३ युनिट. माहूलच्या भारत पेट्रोलियम रिफायनरीची क्षमता वर्षाला १.२ कोटी टन आहे, म्हणजे दिवसाला साधारण तेहतीस हजार टन. त्यात पाच टक्के पाणी धरलं आणि ते उकळून घालवायचं म्हटलं, तर नुसत्या वाफेवर रोज दहा लाख युनिटांएवढी उष्णता जाईल. दुसरं कारण याहून मोठं आहे, आणि ते बेरीत दिसतं. उकळल्याने पाणी जातं, पाण्यात जे विरघळलेलं होतं ते मागे राहतं. तुपात बेरी गाळून घेता येते आणि साखर घालून खाताही येते; कच्च्या तेलात मागे राहिलेलं मीठ भट्टीच्या नळ्या आणि ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्याचा पत्रा खातं. म्हणून पाणी थेंबाच्या रूपातच बाहेर काढावं लागतं, मिठासकट. गेली शंभरहून अधिक वर्षं हे काम वीज करते आहे.

मी आष्टीचा. बीडची नव्हे, वर्ध्याची शहीद आष्टीही नव्हे; जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. इथे कापूस आहे, सोयाबीन आहे, तूर आहे. तेलाची विहीर नाही आणि रिफायनरी तर समुद्राकाठी. पण आमच्या ट्रॅक्टरात जळणारं डिझेल मुंबईच्या रिफायनरीतून निघालेलं असू शकतं. माहूलहून नळाने मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत आणि तिथून टँकरने मराठवाड्यात, हा त्याचा नेहमीचा रस्ता. आणि तेल, पाणी आणि वीज या तिघांची गाठ आम्ही वर्षातून एकदा तरी पाहतोच: शिवारातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळते तेव्हा. तिच्याकडे पुढे येऊ.

आधी साधा प्रश्न. पाणी तेलापेक्षा जड आहे, मग टाकीत भरून वाट पाहिली तर ते आपोआप तळाला बसणार नाही का? बसेल, पण कधी, हे थेंबाच्या आकारावर आहे. थेंब खाली जाण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हा स्टोक्सचा नियम. मध्यम घट्ट तेल घ्या, पाण्याच्या दहापट चिकट, आणि दोघांच्या घनतेतला फरक घनमीटरला दीडशे किलो धरा. दहा मायक्रॉनचा थेंब एक मीटर खाली जायला सुमारे चौदा दिवस घेतो. शंभर मायक्रॉनचा थेंब तेच अंतर साडेतीन तासांच्या आत कापतो. अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर आठ-नऊ मिनिटं. रिफायनरीत तेल थांबत नाही. त्याला भांड्यात फार तर अर्धा तास मिळतो. म्हणून या साऱ्या शास्त्रात पाणी 'काढणं' हा शब्द फसवा आहे. वीज पाणी काढत नाही. ती थेंबाला थेंब जोडते. दहा मायक्रॉनचे हजार थेंब एक झाले की शंभर मायक्रॉनचा एक होतो, आणि पुढचं काम गुरुत्वाकर्षण फुकटात करतं.

जोडते कशी? तेल हा विजेच्या दृष्टीने जवळजवळ रोधक, आणि खारं पाणी वाहक. तेलाने भरलेल्या भांड्यात दोन जाळ्या ठेवून त्यांच्यात विजेचा उच्च दाब दिला, की मधल्या प्रत्येक थेंबातले विद्युतभार दोन टोकांना सरकतात: एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण. थेंबावर एकूण भार शून्यच असतो, पण तो आता छोट्या लोहचुंबकासारखा वागतो. विद्युतक्षेत्राच्या रेषेत एकामागे एक असलेले दोन थेंब समोरासमोरच्या विरुद्ध टोकांनी एकमेकांना ओढतात. दोन केंद्रांमधलं अंतर निम्मं झालं की ही ओढ सोळापट होते. अगदी जवळ आल्यावर तर त्याहून झपाट्याने वाढते. हे खेचणं क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे वीज कुठल्या दिशेला वाहते याने काही बिघडत नाही. म्हणून घरात येते तशी पन्नास हर्ट्झची, सेकंदाला शंभर वेळा उलटणारी वीजही चालते. मात्र थेंब रेषेत नसून शेजारी-शेजारी असतील, तर ते एकमेकांना ढकलतात. त्यामुळे थेंबांच्या माळा बनतात, क्षेत्राच्या दिशेने ओवलेल्या. माळ एका जाळीपासून दुसरीपर्यंत पोचली, की तेलात पाण्याची तार तयार झाली असंच समजायचं. वीज तिच्यातून सरळ वाहते, दाब कोसळतो आणि काम थांबतं.

विजेने थेंब जुळतात हे पहिल्यांदा दिसलं ते तेलात नव्हे, कारंज्यात. १८७९ मध्ये लॉर्ड रॅले यांनी पाण्याची बारीक चिळकांडी उडवली. वर जाताना तिचे थेंब होत, ते एकमेकांवर आपटत आणि टप्पा घेऊन दूर फेकले जात, म्हणून कारंजं पसरट दिसे. घासून भारित केलेली लाखेची कांडी जवळ नेली मात्र, थेंब आपटताच एक होऊ लागले आणि कारंजं आटोपशीर झालं. रॅले यांचा विचार तेव्हा ढगांकडे गेला होता, आणि तो धागा आजही तुटलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत उभ्या वाऱ्याच्या बोगद्यात पाण्याचा थेंब अधांतरी तरंगवून, त्याला विद्युतक्षेत्रात ठेवून तो कसा चेपतो आणि कसा ताणला जातो हे पाहिलं गेलं आहे. ज्यांनी २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसासाठी औरंगाबादहून विमानं उडताना पाहिली, त्यांना ढगातले बारके थेंब मोठे होत नाहीत म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगायला नको. ढगाचं आणि कच्च्या तेलाचं गणित एकच नाही, पण अडचण एकाच घराण्यातली आहे.

तेलापर्यंत ही युक्ती आणली ती फ्रेडरिक कॉट्रेल यांनी. कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारा हा माणूस आपल्याला ठाऊक आहे तो वेगळ्याच कामामुळे: धुरातली राख विजेने पकडणाऱ्या यंत्रामुळे. परळीच्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यापाशी राख अडवणारी जी यंत्रणा असते, तिचा मूळपुरुष कॉट्रेलच. कॅलिफोर्नियाच्या कोलिंगा भागातल्या विहिरींतून घट्ट, पाण्याने फुगलेलं तेल निघत होतं आणि ते विकलं जात नव्हतं. कॉट्रेल आणि त्यांचे सहकारी बकनर स्पीड यांनी त्या तेलात इलेक्ट्रोड बुडवून उच्च दाब दिला आणि पाणी खाली बसू लागलं. त्याची पेटंटं १९११ ची आहेत. त्याच सुमारास या कामासाठी कंपनीही निघाली. गंमत अशी, की याच काळात सेंट लुईसमध्ये विल्यम बार्निकेल नावाचा गृहस्थ हेच काम साबणासारखी रसायनं घालून करत होता. वीजवाले आणि रसायनवाले बरीच वर्षं एकमेकांचे प्रतिस्पर्धी राहिले आणि १९३० मध्ये दोन्हीकडच्या कंपन्या एकत्र आल्या. ते शहाणपणाचं झालं. का, ते आता रिफायनरीत शिरून पाहिलं की कळतं.

मुंबईत पहिली मोठी रिफायनरी १९५४ मध्ये सुरू झाली, दुसरी १९५५ मध्ये. आज त्यांची नावं हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं, २१ मे १९७६ ला बॉम्बे हायचं उत्पादन सुरू झालं, आणि पुढे नळाने ते तेल उरणला येऊ लागलं. बॉम्बे हायचं तेल हलकं, गंधक कमी असलेलं. वेगळं करायला सोपं म्हणावं असं. पण तेलक्षेत्र म्हातारं होत जातं तसं तेलासोबत येणारं पाणी वाढत जातं, आणि दाब टिकवण्यासाठी वरून पाणी आत सोडावं लागलं की आणखीच. बरंचसं पाणी समुद्रातल्या फलाटांवर वेगळं होतं. रिफायनरीच्या दारात तेल येतं तेव्हा त्यात पाणी टक्का-अर्धा टक्काच उरलेलं असतं. रिफायनरीत मुंबईचंच तेल येतं असंही नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलात दर शंभरात पंच्याऐंशीहून जास्त भाग परदेशी आहे, आणि प्रत्येक जहाजाचं तेल वेगळ्या स्वभावाचं.

दारातच उभा असतो डिसॉल्टर. आडवं, लांबलचक पोलादी पिंप, दाबाखाली भरलेलं. इथे नवख्याला धक्का बसेल अशी गोष्ट होते: ज्या तेलातून पाणी काढायचं, त्यात आधी आणखी पाणी घालतात. तेलाच्या साधारण चार ते सहा टक्के गोडं पाणी. कारण उरलेलं खारं पाणी इतक्या बारीक थेंबांत विखुरलेलं असतं की ते एकेकटं जुळायला फार वेळ घेईल. शिवाय मीठ पातळ करायला पाणी हवंच. हे गोडं पाणी मिक्सिंग व्हॉल्व्हमधून तेलात मुद्दाम घुसळलं जातं. घुसळण कमी झाली तर गोडं पाणी खाऱ्या थेंबांना भेटत नाही. जास्त झाली तर इतके बारीक थेंब होतात की पुढे विजेचंही चालत नाही. तेल १२० ते १५० अंशांपर्यंत तापवलेलं असतं, म्हणजे ते पातळ व्हावं. आणि त्या तापमानाला पाण्याची वाफ होऊ नये म्हणून दाब. आत दोन किंवा तीन जाळ्या टांगलेल्या, वर ट्रान्सफॉर्मर, जाळ्यांवर पंधरा ते पस्तीस हजार व्होल्ट. तेलातलं क्षेत्र मात्र सेंटिमीटरला एक-दोन किलोव्होल्टच. विजेचा खर्च किरकोळ, कारण तेलातून प्रवाह फारसा वाहत नाही. खरा खर्च तापवण्याचा. खालून खारं पाणी, म्हणजे ब्राइन, निघून जातं आणि वरून तेल भट्टीकडे.

मिठाची एवढी धास्ती कशासाठी? साध्या मिठापेक्षा त्याची भावंडं, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड, जास्त वाईट. भट्टीच्या उष्णतेत त्यांचं पाण्याशी रासायनिक भांडण होतं आणि हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर पडतं. ते वाफेबरोबर मनोऱ्याच्या माथ्यापर्यंत जातं, आणि जिथे पहिल्यांदा पाण्याचा थेंब धरतो तिथे पत्र्याला लागतं. तेलधंद्यात मीठ अजूनही हजार पिंपांमागे किती पौंड, असं मोजतात. एक पौंड म्हणजे लिटरमागे जेमतेम २.८५ मिलिग्रॅम. डिसॉल्टरमधून बाहेर पडताना ते एकाच्या खाली असावं अशी अपेक्षा असते. एका भांड्यात नव्वद टक्के मीठ जातं, एकामागे एक दोन भांडी लावली तर नव्व्याण्णवपर्यंत. हजार पिंपांत एक पौंड ऐकायला चिमूटभर वाटतं. रोज लाखो पिंपं तेल ज्या नळांतून वाहतं त्यांना विचारा.

आता या विषयाचा खरा गाभा, आणि संशोधकांत खरा वाद आहे तोही इथेच. क्षेत्र वाढवलं की ओढ वाढते. मग आणखी वाढवा ना! नाही वाढवता येत. थेंबाला ओढणारं क्षेत्र थेंबाला ताणतंही. गोल थेंब लांबट होतो, मग लिंबासारखा टोकदार, आणि एका मर्यादेनंतर त्या टोकांतून बारीक तुषार सुटतात. जे जोडायचं होतं तेच फाटतं. जॉफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये याचं गणित मांडलं: लांबी रुंदीच्या १.९ पट झाली की थेंबाचा तोल सुटतो, आणि टोकाला तयार होणाऱ्या शंकूचा अर्धकोन ४९.३ अंश असतो. ही मर्यादा थेंबाच्या त्रिज्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात आहे. सरळ सांगायचं तर, थेंब शंभरपट मोठा झाला की तो फाडायला एक दशांश क्षेत्र पुरतं. बारक्यांना जवळ आणायला जोर हवा, आणि त्याच जोराने मोठे झालेले फुटतात. नव्या पिढीच्या डिसॉल्टरांत दाब क्षणभर वाढवतात आणि क्षणभर उतरवतात, ते याचसाठी.

यात रसायनवाल्यांचाही गुंता आहे. त्यांचा डिमल्सिफायर, म्हणजे थेंब जुळावेत म्हणून घातलेलं रसायन, थेंबाभोवतालचं अस्तर भेदतो, हे चांगलं. पण तो पाणी आणि तेल यांच्यामधला पृष्ठताणही उतरवतो, आणि पृष्ठताण हाच तर थेंबाला गोल बांधून ठेवणारा दोर. तो ढिला झाला की थेंब कमी क्षेत्रातही फाटतो. म्हणजे औषध थोडं जास्त पडलं तर विजेची कमाई खर्ची पडते. वीज आणि रसायन एकाच घरात नांदायला लागली हे १९३० चं शहाणपण खरं, पण कोणी किती बोलायचं हे अजूनही रोज ठरवावं लागतं.

सगळ्यात मोठा धक्का २००९ मध्ये बसला. रिस्टेनपार्ट, स्टोन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की विरुद्ध भाराचे दोन थेंब एकमेकांकडे झेपावतात, स्पर्श करतात, आणि एका ठराविक क्षेत्राच्या वर गेल्यास एक न होता उलटे फिरतात. स्पर्शाच्या क्षणी त्यांच्यात पाण्याचा सूक्ष्म पूल बनतो. भार त्या पुलावरून पलीकडे जातो. पण टोकं फार निमुळती झालेली असतील तर पृष्ठताण तो पूल रुंद करण्याऐवजी तोडून टाकतो. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात एवढ्यावर समाधानी असलेल्या सगळ्यांना हे वाचून पुन्हा वहीकडे वळावं लागलं. ओढ वेगळी आणि जुळणं वेगळं. या शंभर वर्षांतल्या कामात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे.

आयआयटी मुंबईच्या रासायनिक अभियांत्रिकी विभागात या प्रश्नावर सातत्याने काम झालं आहे. विनय जुवेकर आणि सहकाऱ्यांच्या गटाने थेंबांच्या जोडीचं वागणं प्रयोगाने आणि गणिताने तपासलं: केव्हा जुळतात, केव्हा परततात, केव्हा फुटतात. या विषयाचे जे दोन आढावे संशोधक हाताशी ठेवतात, त्यातला २००१ चा ईओ, घादिरी आणि सहकाऱ्यांचा. दुसरा २०१५ चा, त्यात घादिरी आहेतच, पण पहिलं नाव समीर म्हात्रे यांचं आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर चौदा वर्षांत काय बदललं ते दिसतं. पहिल्यात भर यंत्रांच्या रचनांवर आणि विजेच्या प्रकारांवर: एकदिश, उलटसुलट, दोन्ही मिळून, तुकड्या-तुकड्यांनी. दुसऱ्यात थेंब स्वतः मध्यभागी येतो.

विजेच्या प्रकारांचा वाद थोडक्यात असा. एकदिश वीज थेंबाला भार देऊन एका जाळीकडून दुसरीकडे ओढत नेते, वाटेत तो इतरांना भेटतो. पण ओल्या तेलात ती इलेक्ट्रोड गंजवते, म्हणून ती शुद्ध, कोरड्या, कमी वाहक तेलांपुरती ठेवली गेली. उलटसुलट वीज दणकट, जास्त पाणीही सहन करणारी, म्हणून कच्च्या तेलाची मुख्य भिस्त तिच्यावर. एकाच भांड्यात खाली उलटसुलट आणि वर एकदिश, अशी जोडगोळी १९७० च्या दशकात आली. १९८१ मध्ये ब्रॅडफर्डच्या बेलिस आणि लार्काई यांनी इलेक्ट्रोडांना रोधक लेप देऊन त्यावर झटक्या-झटक्याने एकदिश वीज दिली. पाण्याच्या माळेने होणारं शॉर्टसर्किट त्यामुळे टळतं. लेपाची तीच कल्पना घेऊन नॉर्वेच्या लोकांनी या शतकाच्या सुरुवातीला समुद्रातल्या फलाटांवर, जिथे तेलापेक्षा पाणी जास्त असतं, तिथेही वीज नेली. माझं मत विचाराल तर यातला कुठलाच प्रकार दुसऱ्याला हरवत नाही. तेलाचा स्वभाव बदलला की निकाल बदलतो, आणि 'आमचीच वीज चांगली' असं सांगणाऱ्या जाहिरातींत तेल कुठलं होतं हे क्वचित लिहिलेलं असतं.

हीच तक्रार प्रयोगशाळांबद्दलही करता येते. बहुतेक सुंदर छायाचित्रं काढली जातात ती सिलिकॉन तेलात नाहीतर एरंडेलात, स्वच्छ पाण्याच्या दोन थेंबांची. ते ठीकच आहे. काळ्या तेलात कॅमेऱ्याला काय दिसणार? पण त्या थेंबांना अस्तर नसतं, आणि खऱ्या तेलातलं निम्मं भांडण अस्तराशी आहे. दोन थेंबांवरून दोन अब्ज थेंबांकडे जाताना माळा, घुसळण, उलटे प्रवाह, मेण, माती असं सगळं मध्ये येतं, आणि तिथे अजून गणितापेक्षा चालवणाऱ्याचा अनुभव पुढे आहे.

आता आमची डीपी. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीतलं तेल वीज अडवण्यासाठी आणि गुंडाळ्या थंड ठेवण्यासाठी असतं, आणि त्यात पाणी म्हणजे विषच. रब्बीत रात्रीच्या पाळीला सगळे पंप एकदम चालू झाले की तेल तापून फुगतं, टाकीतली हवा बाहेर जाते. वीज गेली की तेल आकसतं आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. तिच्या वाटेवर सिलिका जेलची डबी असते: कोरडी असताना निळी, ओली झाली की गुलाबी. आमच्याकडच्या किती डीप्यांची डबी निळी आहे हे कोणी जाऊन पाहावं. डबी जागेवर असली तरी पुष्कळ. गरम तेलात पाणी जास्त विरघळतं, गार होताना ते थेंब होऊन बाहेर येतं. आणि मग डिसॉल्टरमधलंच सगळं घडतं, फक्त उलट्या फळाचं. क्षेत्रात थेंब ताणले जातात, ओळीत लागतात, कापसाचे-कागदाचे ओले तंतूही त्यांच्यात येऊन बसतात, आणि पाण्याची तीच तार तयार होते. रिफायनरीत ती तयार झाली तर दाब कोसळतो. शिवारात डीपी जळते आणि आठ दिवस पिकाला पाणी नसतं.

या तेलाची परीक्षाही विजेनेच होते. अडीच मिलिमीटर अंतरावर ठेवलेल्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये तेल भरून दाब वाढवत न्यायचा. ठिणगी किती किलोव्होल्टला पडते ते पाहायचं. लहान ट्रान्सफॉर्मरच्या वापरातल्या तेलाने तीस किलोव्होल्टपर्यंत टिकावं अशी अपेक्षा असते. हे क्षेत्र डिसॉल्टरमधल्यापेक्षा साठ ते एकशेवीस पट होतं. जुने वायरमन मात्र तापलेली लोखंडी सळई तेलात बुडवून कान देत. तडतडलं तर तेलात पाणी आहे. लोण्याची परीक्षा तीच, तेलाची तीच.

मग हे ओलं तेल कोरडं करायला डिसॉल्टरचीच युक्ती का नाही वापरत? कारण तिथलं त्रासदायक पाणी बहुतांशी विरघळलेलं असतं, थेंब झालेलं नसतं. जोडायला थेंबच नाहीत, तर वीज काय जोडणार? म्हणून फिल्टर मशीन तेल तापवते आणि निर्वातात पाण्याची वाफ काढून घेते. इथे कढवणंच बरं, कारण प्रमाण थोडं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचंही असंच: इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि मर्यादा ओलांडली की दोघं मिळून तळाला वेगळा थर करतात. त्या पाण्याला वीज लावण्यात अर्थ नाही. आणि उलट घडण, म्हणजे पाण्यात तेलाचे थेंब, जसं दूध, तिथे बाहेरचं पाणीच वीज वाहून नेतं. दाब टिकतच नाही. सोयाबीन गाळणाऱ्या कारखान्यात कच्च्या तेलात पाणी घालून डिंकासारखा भाग फुगवतात आणि तो गरगर फिरवून वेगळा करतात. पाणी घालून पाणी काढण्याची हीसुद्धा एक रीत, विजेवाचून. ट्रॅक्टरच्या फिल्टरखालची काचेची वाटी तर अजून साधी: पाणी साचलेलं दिसलं की खालचा स्क्रू सैल करायचा.

या विषयात सर्वांत कमी लिहिलं जातं आणि चालवणाऱ्यांना सर्वांत जास्त छळतं ते एक प्रकरण राहिलं. डिसॉल्टरच्या पोटात वर तेल आणि खाली पाणी, पण मधली रेघ स्पष्ट नसते. तिथे एक गढूळ, लोण्यासारखा थर साठतो. अस्फाल्टीन, मातीचे कण, लोखंडी गंज आणि न जुळलेले थेंब यांचा. कारखान्यात त्याला रॅग लेअर म्हणतात. कुठल्याही विजेला तो दाद देत नाही. तो वाढत वाढत जाळीपर्यंत चढला, की दाब ढासळतो आणि तेलात मीठ जायला लागतं. दरम्यान तळाला बसलेली माती पाण्याच्या फवाऱ्यांनी उसळवून काढतात, तापमान बदलून पाहतात, रसायन बदलतात, घुसळण कमी करतात. एवढं करूनही तो हटला नाही, तर पाइपाने उपसून वेगळ्या टाकीत नेतात. त्या टाकीतला माल टाकून देण्याइतका स्वस्त नसतो. मग तो महिनोन् महिने थोडा थोडा ताज्या कच्च्या तेलात मिसळतात, आणि तो पुन्हा त्याच डिसॉल्टरच्या दारात येऊन उभा राहतो.